झाकण

दुपारी चार वाजता मला रडू यायचं.
कारण नसायचं. टॉवेलची कड मारत बसलेले असायचे,
पाय मशीनवर, डोळ्यांत पाणी,
आणि निळ्या पट्टीवरून टाका घसरून पांढऱ्यावर जायचा.
त्या डझनाचे पैसे कापले जायचे.

सकाळपासून पोटात काय, तर चहा.
सहाला एक, पोरं शाळेत गेली की एक,
माल टाकायला पोरगा आला की त्याच्यासोबत एक,
त्यात बुडवलेली अर्धी खारी.
मग वाटायचं, एवढे दहा नग संपवू, मग जेवू.
दहा नग कधी संपत नाहीत.
कडक भाकरी डब्यात वाजत राहायची, कुणी दार वाजवावं तशी.

कन्ना चौकातल्या कोंगारी बाईंनी
जीभ पाहिली, पोट दाबलं.
मी म्हटलं, बाई, झोपेची गोळी द्या,
डोकं ठिकाणावर नाही माझं.
डोक्याचं नंतर बघू, त्या म्हणाल्या. पोट साफ होतं का?
मी लाजले. चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं,
मी पोटालाही तीच पाळी लावून घेतली होती.

आमच्या बोळात तीन भाषा.
आई तेलुगूत म्हणायची, कडुपु मंट.
समोरची निंगव्वा कन्नडात, होट्टे उरी.
शाळेत बाईंनी शिकवलं, पोटदुखी.
दुसऱ्याचं बरं बघवत नाही तेव्हा
तिन्ही भाषांत जळतं ते पोटच.
माया पोटात, भीतीचा गोळा पोटात,
आणि सासरी निघताना कानात सांगितलेलं तेही:
काही झालं तरी पोटात ठेव.

ठेवलं.
जावेचा तो एक शब्द,
नवऱ्याने न विचारता विकलेले पैंजण,
गोदामातल्या कारकुनाने वहीत न मांडलेले सोळा डझन.
भाकरीला जागा कुठून राहणार?

निंगव्वाने भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं.
गाडगं घेऊन आली, ज्वारीचं पीठ ताकात कालवलं,
वर ओलं फडकं. राहू दे रात्रभर.
अगं नासेल, म्हटलं, ऊन बघ, त्रेचाळीस.
हसली. आंबणं वेगळं, नासणं वेगळं.
वेगळं म्हणजे काय?
झाकून विसरलं की नासतं.
सकाळी उठून कुणी ढवळणारं असलं की आंबतं.

लसूण, जिरं, मीठ. मंद आचेवर आंबील.
पहिल्या दिवशी काही झालं नाही. एक ढेकर आला.
आठवडाभर पोट बोलत राहिलं,
शेजारच्या मागासारखं, मध्येच बंद, मध्येच सुरू.
चहा दोनवर आणला, परत तीनवर गेला, खोटं कशाला सांगू.
पण जेवायला मशीनवरून उतरू लागले.
जमिनीवर बसून, भाकरी आमटीत चुरून,
शेंगाचटणीवर तेलाची धार, कांदा बुक्कीने फोडून.
फोन नाही, नगांचा हिशोब नाही.
वीस मिनिटं. त्यात मी कुणाचं काही लागत नाही.

रडू थांबलं असं नाही.
एका गुरुवारी घड्याळाकडे पाहिलं तर पाच वाजलेले,
तेव्हा कळलं, चार येऊन गेले.

पुढच्या आठवड्यात गोदामात माल द्यायला गेले
आणि तोंडातून निघालं, सोळा डझनाचे राहिलेत.
ओरडले नाही. पण आवाज घशातला नव्हता,
खालून, बेंबीच्या देठापासून सावकाश वर आला होता.
कारकुनाने वही पुढे-मागे केली. आठ डझनाचे दिले.
उरलेल्यांचं बघू म्हणाला, बसा, चहा सांगतो.

नको म्हटलं.
साडेबारा झाले होते,
माझी जेवायची वेळ.